पंपावरची देवी

कडावच्या 'गावदेवी मोटर रिवाइंडिंग'चे फोन आटत चालले, तेव्हा सोनालीने सासऱ्यांपुढे विषय काढला. "आबा, आपलं चिन्ह बदलू या."

आबाजी मोटरीला तांब्याची तार भरत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्हंजी देवीचा फोटू? माझ्या बापानं लावलाय तो."

"दुकानात राहू द्या की. दुरुस्त केलेल्या पंपावर चिकटवतो, त्या स्टिकरवर नको."

"रोज पोथी वाचल्याबिगर पाणी न पिणारी सून तू, आन देवीलाच उतरवतेस? नाय जमायचं."

 सोनालीने मात्र विषय सोडला नाही. पळसदरीकडचे अकरा फार्महाऊसवाले मिळून एकच पंपवाला नेमणार होते. रविवारी ठरणार होतं. ते काम हातचं गेलं, तर तिच्या नवऱ्याला, हिरामणला, खालापूरच्या कंपनीत पाळीची नोकरी धरावी लागली असती आणि दुकानाला कुलूप.

दुसऱ्या दिवसापासून पोथी आटोपली की ती स्कूटी काढायची. आधी मोबाइलवर दुसऱ्यांची चिन्हं पाहून झाली होती. एक थेंब आणि एक पाना. नेरळपासून चौकपर्यंत सगळ्यांचं तेच. मग ती जुन्या गिऱ्हाइकांच्या विहिरींवर, सांडपाण्याच्या खड्ड्यांवर जाऊन वहीत लिहू लागली. स्टिकर आहे का? नंबर वाचता येतो का? आम्हाला कशावरून ओळखता?

एकोणीस पंप पाहिले. आपलं स्टिकर होतं दोनच पंपांवर.

शनिवारी सकाळी ती आबाजींना म्हणाली, "एकदा माझ्यासंगं चला. मग तुमी म्हणाल तसं."

पळसदरीच्या एका बंगल्याची राखण दशरथ करायचा. आबाजींनी मैल्याच्या टाकीतला पंप वर काढायला लावला. पंपावर चौकच्या एका दुकानाचं पिवळं स्टिकर होतं.

"आपलं कुठं हाय रं?" आबाजी तडकले. "उपटून फेकलंस?"

"शिव शिव! फेकीन कसा, आबा?" दशरथ त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेला. देव्हाऱ्यात तीन स्टिकरं ओळीनं लावलेली, तिन्हींना फुलं वाहिलेली. "देवीला मैल्यात सोडायची व्हय? मिस्त्री गेला की आमी काढून घेतो. हितं समदेच तसं करतात."

आबाजी वाकले. देवीच्या पायाशी जिथं फोन नंबर होता, तिथं हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता.

"मग मोटर बिघडली की फोन कुणाला लावतोस?"

"ज्याचा नंबर पंपावर हाय त्याला." दशरथ ओशाळला. "काम तुमचंच चांगलं, आबा. तुमी बोल्टाला हिरवा रंग लावता ना, दुसऱ्यानं उघडलं तर कळावं म्हणून? त्यो दिसला की आमी निर्धास्त. हिरवा बोल्टवाले म्हणतो आमी तुमाला."

"वहीतल्या तेरा जणांनी हेच नाव सांगितलंय," सोनाली हळूच म्हणाली. "आबा, देवी घरोघर पोचली, त्याचं मला वाईट नाही. पण आपण तिला रोज घाणीत पाठवत होतो. आपल्या ध्यानात आलं नाही, लोकांच्या आलं."

 दुकानात परत आल्यावर आबाजींनी खणातला उरलेल्या स्टिकरांचा गठ्ठा काढला, कपाळाला लावला आणि स्वच्छ फडक्यात बांधला. "ही उद्या नदीत सोडायची. कुणाच्या पायाखाली जाता कामा नयेत."

"बरं, आबा."

"आन त्ये डिझाइन दाव."

तिने मोबाइल पुढे धरला. हिरवा बोल्ट, खाली दुकानाचं नाव, ठळक नंबर. आबाजींनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलं. 

"कुणी काढलाय हा बोल्ट?"

"कर्जतच्या पोराने. का?"

"बोल्टाला सा बाजू असतात. यानं पाचच काढल्यात. पाना बसल का याला?" मोबाइल तिच्या हाती परत देत ते म्हणाले, "आत्ताच फोन कर त्याला. उद्या ती फार्महाऊसवाली माणसं बघणार हायती."