ठकीनं कावळा धरला

इंद्रजित साळुंखे एका मांजराच्या कचाट्यात सापडलाय, हे त्याच्या साताऱ्याच्या बँकेत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. शाखेत त्याचा दरारा. मोठमोठे कर्जदार केबिनबाहेर ताटकळत बसायचे. आणि घरी हाच गडी रोज सकाळी बूट उलटे करायचा, फरशीवर आपटायचा, आत काठी फिरवायचा, मगच पाय घालायचा. कारण बुटात उंदीर असायचा. एकदा काठी फिरवायची राहिली होती, त्या दिवशीचा मोजा त्यानं जाळून टाकला.

सगळा घोळ झाला तो संगम माहुलीच्या घाटावर. त्याचे वडील, अण्णा, कोरेगावजवळच्या गावी वारले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरचं झाड कावळ्यांनी काळं झालेलं, पण एकही खाली उतरायला तयार नाही. भावकी हात जोडून उभी. इंद्रजित म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. शेत विकणार नाही म्हणाला, ढिम्म. बांधाचा वाद मिटवतो म्हणाला, तर एका कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. उन्हं चढली, लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले. तेव्हा चुलते नाथाजी मागून म्हणाले, "आरं, त्या मांजराचं बोल की. त्यातच जीव हुता अण्णांचा."

लोक हसले. इंद्रजितही वैतागून, एकदाचं उरकावं म्हणून बोलून गेला, की अण्णा, तुमची ठकी मी सांभाळीन, शेवटपर्यंत. शब्द तोंडातून पुरता सुटलाही नव्हता, तोवर कावळा पिंडावर. आई नाही, शेत नाही, भावकी नाही; मांजर म्हटल्याबरोबर बाप खाली उतरला. हे त्याच्या मनाला लागलं, पण सांगणार कुणाला? सगळ्या गावासमक्ष शब्द गेलेला. आई आणि ठकी दोघी एकाच गाडीतून साताऱ्याला आल्या.

आता मांजरानं उंदीर मारावेत, त्याला कुणाची ना आहे? पण ठकी मारायची आणि ते घरी आणायची. घरी म्हणजे कुणाकडे? आई दिवसभर घरात, ती दूध घालायची. बायको ज्ञानदा मायेनं अंगावरून हात फिरवायची. पोरगी ओवी तर तिला उशाशी घेऊन झोपायची. त्यांना काही नाही. मानकरी एकटा इंद्रजित. उंदीर त्याच्या बुटात, सरडा त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत, आणि चिचुंद्री, तीही जिवंत, त्याच्या हेल्मेटात. हेल्मेट उचलल्यावर शाखाधिकारी साळुंखे जेवणाच्या टेबलावर कसे चढले, हे ज्ञानदा पाहुण्यांना अजून करून दाखवते.

उपाय त्यानं काय कमी केले? जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, त्यांनी पोटभर घाला म्हणून सांगितलं. ठकी पोटभर खायची आणि मग ताज्या दमानं शिकारीला जायची. मोबाइलवर वाचून त्यानं तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. चार दिवसांत ती घुंगरू न वाजवता चालायला शिकली. दारं-खिडक्या बंद केल्या, तर बाहेर बसून असा गळा काढायची की शेजारी विचारायला आले, घरात कोण आजारी आहे का. ओवीनं कुठंसं वाचून सांगितलं की मांजराला वाटतं, या माणसाला शिकार जमत नाही, हा उपाशी मरेल, म्हणून ते आणून देतं. यावर घर इतकं हसलं की इंद्रजित जेवणावरून उठून गेला. आणि गंमत म्हणजे त्यानं जितकं हाडतूड केलं, तितकी आणलेली जनावरं मोठी होत गेली. उंदरावरून घूस आली. घुशीच्या वेळी तर त्यानं ठरवूनच टाकलं, बास.

त्याचा कॉलेजातला दोस्त आसिफ तासगावला. त्याची बेदाण्याची शेड, आणि शेडमध्ये उंदरांचा सुळसुळाट. तो कधीचा म्हणत होता, दे ते मांजर माझ्याकडं, राणी करून ठेवतो. सगळं जुळत होतं. आडवा येत होता तो घाटावर दिलेला शब्द. आणि इंद्रजित, वरून कितीही शिकलेला असला तरी, कावळ्याला दिलेला शब्द मोडायला टरकत होता.

शेवटी बँकेतल्या माणसाला सुचावी तशीच युक्ती त्याला सुचली. वर्षश्राद्ध उरकलं होतं, पितृपक्षातला अण्णांचा पहिला म्हाळ आला होता. म्हाळाला गच्चीवर पान ठेवायचंच. तिथंच अण्णांकडून रीतसर सुटका मागून घ्यायची. कावळ्यानं घास घेतला की मंजुरी. ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं. यात कुणाची फसवणूक नाही. ही युक्ती त्याला इतकी आवडली की आदल्या दिवशी त्यानं आसिफला फोन करून मांजर न्यायला पोतं आणि टोपलीसुद्धा तयार ठेवायला सांगितली.

म्हाळाच्या दिवशी हॉलमध्ये पंगत बसली. नाथाजी चुलते गावाकडची चार माणसं घेऊन आले होते. आईनं पान वाढलं, खीर, वडे, आमटी, आळूची भाजी, गवार, आणि कडेला अण्णांची तंबाखूची चिमूट. पान घेऊन इंद्रजित गच्चीवर गेला. मनात बोलायची वाक्यं घोळवत होता, त्या नादात ठकीला कोंडायचं साफ विसरला.

कठड्यावर पान ठेवून त्यानं हात जोडले आणि खालच्या आवाजात सांगितलं, की अण्णा, वर्षभर बिनतक्रार सांभाळलं. आता मला मोकळं करा. मांजराचं वाईट होणार नाही, तासगावला उंदरांना तोटा नाही. मान्य असेल तर घास घ्या. आणि काय नवल, पहिल्याच हाकेला कावळा आला. मान तिरकी करून त्यानं इंद्रजितकडं पाहिलं आणि वडा उचलला. इंद्रजितला आभाळ ठेंगणं झालं. त्याला वाटलं, जन्मात पहिल्यांदा बापानं आपलं ऐकलं.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून ठकी सुटली. काय झालं हे कळायच्या आत कावळा तिच्या तोंडात होता, वड्यासकट. आणि ती निघाली जिन्यानं खाली, सरळ हॉलमध्ये, भरल्या पंगतीतून. इंद्रजित मागं धावला. वाटेत त्यानं खराटा उचलला. बाहेर गल्लीतले झाडून सगळे कावळे जमून कालवा करत होते, आत कावळा फडफडत होता, पत्रावळी उडत होत्या, माणसं भिंतीला चिकटली होती. नाथाजींच्या हातातली खिरीची वाटी तशीच राहिली. ते हळूच म्हणाले, "आरं, अण्णास्नीच धरलं की रं हिनं."

आता कुणाला हसायची छाती होती? इंद्रजित तर हबकलाच. बापाला मंजुरीसाठी बोलावलं काय, आणि मांजराच्या तोंडी दिलं काय! ठकी येऊन त्याच्याच पायाशी बसली. कावळ्याचा पंख दातात, डोळे इंद्रजितच्या तोंडाकडं. त्यानं खराटा उगारला तशी ती गुरगुरली आणि तिनं दात आणखी आवळले. कावळा ओरडला. तो ओरडला तसा इंद्रजितचा खराटा हातात तसाच लटकत राहिला.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिनं कावळ्याकडं पाहिलं, मांजराकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं.

"मारू नगंस तिला," ती म्हणाली. "शाब्बास म्हन. म्हंजी सोडंल."

इंद्रजितला वाटलं, आईचंही डोकं फिरलं. पण आई सावकाश, नेहमीच्या आवाजात सांगायला लागली. गावाकडं ठकी काहीही धरून आणायची ती अण्णांच्या खाटेपाशी. अण्णा वाकायचे, डोक्यावर बोट फिरवायचे, शाब्बास म्हणायचे. एवढं झालं की ती तोंडातलं टाकून निवांत निघून जायची. अण्णा गेले आणि तिला शाब्बास म्हणणारं कुणी उरलं नाही. या घरात तिला अण्णांसारखा वास एकाच माणसाचा यायचा. तो तर उंदीर दिसला की खेकसायचा. मग तिला वाटायचं, उंदीर लहान पडला असेल, आणखी मोठं काहीतरी आणावं.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" इंद्रजितनं विचारलं.

"मला कवा इचारलंस?" आई म्हणाली. मग पंगतीतल्या कुणाकडं न बघता म्हणाली, "तू तरी येगळा काय हुतास? पयल्या पगाराचं घड्याळ आनलंस, ते म्हनाले, कशाला आनलंस. मग टीव्ही आनलास. मग ती गुडघं दाबायची खुर्ची आनलीस, कोपऱ्यात पडून हाय. दर खेपंला आदीपेक्षा मोठं. आन त्येंच्या तोंडाकडं असाच बघत बसायचास."

पंचेचाळिशी उलटलेला, शाखेत दरारा असलेला इंद्रजित हातात खराटा घेऊन उभा होता आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. वर्षभर तो एका मांजरावर जळत होता. का, तर बाप त्याच्यासाठी नाही, तिच्यासाठी खाली उतरला म्हणून.

त्यानं खराटा खाली ठेवला. गुडघ्यावर बसला. ठकीच्या डोक्यावर अण्णांसारखं बोट फिरवलं.

"शाब्बास," तो म्हणाला.

ठकीनं तोंड उघडलं. कावळा फरशीवर पडला, उठला, दारापर्यंत उड्या मारत गेला, आणि एक पंख जरा ओढत का होईना, पण उडाला. बाहेरचा कालवा थांबला. ठकीनं अंग ताणलं, इंद्रजितच्या मांडीला एकदा डोकं घासलं आणि काही झालंच नाही अशी बाहेर निघून गेली.

"तू गेलास की मग मला म्हनायचे," आई म्हणाली. "पोरगं लय करतंय म्हनायचे. तुज्या तोंडावर म्हनाय लाजायचे."

इंद्रजित फरशीवरच बसला होता, कावळ्याची पिसं अंगावर घेऊन. वडील वारले तेव्हा भावकीसमोर मोठा माणूस म्हणून उभं राहायचं होतं, म्हणून तो घाटावर रडला नव्हता. आता सगळ्या पंगतीसमोर तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला, आणि कितीतरी वेळ कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही.