वॉर्डातले कॉल

साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत. म्हणून पेशंटच्या उशाशी टॅब लावले होते, आणि सिस्टर घरच्यांना व्हिडिओ कॉल जोडून द्यायच्या. हे सगळं बघणारी इंजिनिअर एकटीच. हॉस्पिटलात तिला सगळे ‘नेटवर्कताई’ म्हणत.

नेटवर्कचे दोन झोन होते, एक हॉस्पिटलातला, एक बाहेरचा. त्यांना जोडणारी वाट एकच आणि तीही अरुंद. एका वेळी मोजकेच कॉल तिच्यातून जात. ती वाढवून द्या म्हणून सांगून ताईच्या तोंडाला फेस आला होता.

एके दिवशी अधीक्षकांनी तिला बोलावलं. वरच्या साहेबांशी त्यांची रोज व्हिडिओवर बैठक असे.

“काल माझं चित्र अडकलं, तेही तोंड उघडं असताना. सगळे फिदीफिदी हसत होते. यापुढे बैठकीला आधी वाट मिळाली पाहिजे.”

“सर, जागा नसली तर वॉर्डाचा चालू कॉल तुटेल.”

“तुटला तर परत लावतील. त्यांना कुठं जायचंय?”

आपल्या खोलीत येऊन ताईनं नियम बदलला. वाट भरलेली असताना बैठकीचा कॉल आला, तर वॉर्डातला एखादा कॉल बंद व्हायचा. तिनं चाचणी घेतली. अधीक्षक झकास दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आली, गालांवर मास्कचे वळ घेऊन.

“खिडकीजवळचे मास्तर गेले,” ती म्हणाली. “सकाळी बायकोशी बोलता बोलता कॉल तुटला. त्यांना कळलंच नाही हो. काळ्या पडद्याशी बोलत राहिले. मी परत लावत होते, पण लागेचना. मग त्यांना धाप लागली.”

“काय बोलत होते?”

“तोंडावर मास्क, शेजारी मशीनची घरघर. मला काही ऐकू आलं नाही.”

ताई फाटकाकडे गेली. बाकावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत मास्तरांचा चष्मा आणि चपला. शेजारी लेक उभी होती.

“माझ्यावर रुसून गेले गं,” त्या लेकीला सांगत होत्या. “जेवत नसाल तर मी फोनच करणार नाही, असं म्हटलं मी. लटकंच म्हटलं. तर त्यांनी फटकन फोन ठेवला.”

परत फिरावं असं ताईला वाटलं. पण पाय निघेना.

“काकू, त्यांनी नाही ठेवला. साहेबांच्या बैठकीसाठी इथूनच तुटला. तसं मीच लावलं होतं. ते पुढंही तुमच्याशीच बोलत होते.”

“काय बोलत होते?”

“कुणाला ऐकू आलं नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ताईला सोसला असता.

“रागावले नव्हते ना?” त्यांनी विचारलं.

“नव्हते,” ताई म्हणाली. खरं तर हेही तिला ठाऊक नव्हतं.

तिथून येऊन तिनं नियम उलटा फिरवला. आधी वॉर्ड, उरलं तर बैठक. पुढच्या सकाळी अधीक्षक भर बैठकीतून गायब झाले. लेकीची तक्रारही पोचली होती. दोन्हींचं खापर ताईवर फुटलं आणि तिला घरी बसवलं गेलं.

तिच्या जागी आलेल्या माणसानं आल्या आल्या बैठकीची वाट मोकळी केली. आठवड्याभरानं सिस्टरचा फोन आला.

“ताई, पुन्हा तुटायला लागलेत. काही करता येईल का?”

“मला आता आत सोडत नाहीत,” ताई म्हणाली.