अर्धवट सोडून गेलेले

या क्षणी तुम्हाला किती भीती वाटते? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. योग्य आकड्याभोवती गोल करा.

हा प्रश्न तिनंच लिहिलेला. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात बसून गेली काही वर्षं ती तो लोकांना विचारत आली होती. तिला स्वतःला तो कधी कुणी विचारला नव्हता. आज दुपारी, खिडकी नसलेल्या त्या खोलीत, आकडेवाल्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, "बघ. काही नाही."

सात. नाही, आठ.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही गट सारखे. तुझी टेप ऐकलेले तेवढेच घाबरले, न ऐकलेले तेवढेच घाबरले. नावं झाकून मला ओळखायला सांगशील तर मी नाणं उडवीन."

आकडेवाला अख्ख्या विभागाची आकडेमोड करायचा आणि वाईट बातमी सांगताना नेहमी खुर्ची मागेपुढे झुलवायचा. आज झुलवत नव्हता.

"उद्या ताईंचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली.

"माहितीये. म्हणून तर पूर्ण अहवाल होईपर्यंत थांबलो नाही."

*

ताई म्हणजे तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, टॅक्सीच्या ऑफिसात फोनवर बसणारी, जिभेला हाड नसलेली. घरात हिला सगळे प्रयोगवाली म्हणतात. ते नाव ताईंनीच ठेवलेलं, आणि नणंदेनं ठेवलेलं नाव घासूनही निघत नाही. तेव्हा आपणही तिला प्रयोगवालीच म्हणू.

ताईंना एकाच डोळ्यानं दिसतं. दुसरा लहानपणीच गेला. आता या चालू डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागला होता. खालच्या बाजूनं एक काळी सावली वर सरकत होती. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब शिवायला हवा. पूर्ण भूल द्यायला भूलतज्ज्ञ कचरत होते, कारण ताईंच्या हृदयाचे ठोके बेशिस्त होते. मग उरलं एकच. डोळा बधिर करायचा, तोंडावर कापड टाकायचं, आणि ताईंनी जागेपणी, कापडाखाली, दगडासारखं पडून राहायचं. हलल्या तर डोळा गेला.

ताईंना तोंडावर काही आलेलं चालत नाही. स्वेटर डोक्यातून काढतानासुद्धा त्या शिव्या देतात.

तरी त्या हो म्हणाल्या. का म्हणाल्या, तर प्रयोगवालीच्या टेपमुळे.

टेप म्हणजे फोनवर ऐकायचं रेकॉर्डिंग. तिचाच आवाज, सावकाश, श्वास कसा घ्यायचा, खांदे कसे सोडायचे. पहिल्या प्रयोगात लोकांना अरुंद खाटेवर झोपवलं, तोंडावर कापड टाकलं, हातात घंटी दिली. नको वाटलं की वाजवा. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आधी टेप ऐकवली, अर्ध्यांना तेवढ्याच लांबीचं कुंडीतल्या रोपांच्या निगराणीबद्दलचं व्याख्यान. टेपवाले कितीतरी शांत राहिले. शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रात चौकट आली. ती चौकट ताईंनी स्वतः कापून फ्रिजवर लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, "आमच्या घरची आहे ही."

आता तोच प्रयोग पुन्हा केला होता, जास्त माणसं घेऊन. आणि काही नाही.

*

या क्षणी तुम्हाला किती भीती वाटते?

आठ. पण आठ हा आकडा तिनं मघाशीच दिला होता, म्हणून आत्ता पुन्हा दिला की खरंच आठ वाटत होतं, हे तिला सांगता आलं नसतं. एकच प्रश्न माणसाला सारखा विचारला की उत्तर विटतं. यापुढे तिला विचारायला नको.

ती कारणं शोधायला लागली. तो आठवडा परीक्षांचा होता, सगळेच घाबरलेले. खोली बदलली होती. नवीन मदतनीस मुलगी लोकांशी रुक्ष बोलायची. आकडेवाला प्रत्येक कारणाला मान हलवत होता, जसं लहान मुलाच्या हातून एकेक धारदार वस्तू काढून घ्यावी तसं.

"हे सगळं दोन्ही गटांना लागू आहे गं. त्यानं फरक कसा पुसला जाईल?"

"पण परिणाम सापडला नाही म्हणजे परिणाम नाही, असं होत नाही ना?"

"नाही होत. आपल्याला दिसला नाही, एवढंच म्हणता येतं."

"मग झालं तर."

"झालं काय? मला आजचं कोडं नाहीच पडलेलं. मला पडलंय ते पहिल्या वेळचं. तेव्हा एवढा फरक आला कुठून?" त्यानं जुनी आकडेवारी उघडली. "टेपच्या गटात माणसं कमी आहेत. चिठ्ठ्या तर समान टाकल्या होत्या."

"काही जण अर्धवट सोडून गेले. ते अपूर्ण म्हणून वगळले. सगळेच वगळतात."

"टेपच्याच गटातले का गेले?"

उत्तर तिच्या तोंडाशी आलं आणि तिथंच गार पडलं. पहिल्या वेळी टेप ऐकवली होती खाटेवर झोपवून, तोंडावर कापड टाकून. म्हणजे आवाज आणि कापड यांची सवय एकत्र व्हावी. रोपांचं व्याख्यान मात्र खुर्चीत बसवून ऐकवलं होतं. रोपांसाठी कुणाला कशाला झोपवायचं. तेव्हा हे साधी सोय वाटलं होतं. दुसऱ्या वेळी विभागप्रमुखांनी हट्ट धरला, दोघांनाही खुर्चीतच बसवा, आणि जो आला तो मोजा.

म्हणजे पहिल्या वेळी, ज्यांना कापड सोसत नव्हतं ते टेप चालू असतानाच उठून गेले. भीती मोजायच्या आधीच. उरले ते मुळातच धीट होते. टेपनं कुणालाही शांत केलं नव्हतं. टेपनं घाबरट माणसं चाळून बाहेर टाकली होती.

तिला एक बाई आठवली. कापड ओढून काढून उठली होती, केस विस्कटलेले, सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात. दारापाशी थांबून म्हणाली, "माफ करा हं. तुमचा वेळ घालवला." प्रयोगवाली म्हणाली होती, "अहो, काही हरकत नाही." आणि तिचं नाव खोडून टाकलं होतं.

*

इथं गोष्टीचे दोन गट पाडू.

पहिल्या गटात प्रयोगवाली ताईंना काहीच सांगत नाही. कशाला सांगायचं? विश्वासानं का होईना, बाई पडून राहील. आज सांगितलं तर आहे तोही धीर जाईल. ती ताईंच्या घरी जाते, हसते, बॅगेत टॉवेल भरायला मदत करते. सकाळी ताई चाकांच्या खाटेवरून आत जातात, कानात टेप. दार बंद होतं. बाहेर एक बाक आहे, त्यावर ती बसते. आत कापड टाकतात. आत तिचाच आवाज म्हणत असतो, आता खांदे सोडा.

याच्यापुढे तिला बघवेना. एकच माणूस दोन्ही गटांत घालता येत नाही, आणि ताई एकच होत्या, त्यांचा डोळाही एकच. बसमधून उतरून ताईंच्या बिल्डिंगचा जिना चढेपर्यंत हा पहिला गट तिच्या डोक्यात चालू होता. दुसऱ्या मजल्यावर तो बंद पडला.

म्हणून खरी गोष्ट दुसऱ्या गटातली.

*

"ये गं प्रयोगवाली. चेहरा असा काय केलायस? ऑपरेशन माझं आहे की तुझं?"

ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर फोन, फोनमधून तिचाच आवाज. श्वास सोडा.

"रोज ऐकते. भाजी चिरताना ऐकते. पाठ झालीये. परवा ऑफिसात एक गिऱ्हाईक ओरडायला लागलं, त्याला म्हटलं, खांदे सोडा. आणखी ओरडलं."

"ताई, ती बंद करता का जरा?"

"का? स्वतःचा आवाज ऐकवत नाही?" तरी त्यांनी बंद केली. फोनवर माणसं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. "बोल. काय झालं? हृदयवाल्याचा फोन आला का?"

"टेपचा उपयोग होत नाही."

ताईंनी फोन उलटा ठेवला.

"म्हणजे होतो असं आता म्हणता येत नाही. आम्ही परत करून पाहिलं. पहिल्या वेळी माझी चूक झाली. जे घाबरून उठून गेले, त्यांना मी मोजलंच नाही."

"उठून गेले म्हणजे कोण?"

"ज्यांना तोंडावर कापड सहन झालं नाही ते."

"म्हणजे मी," ताई म्हणाल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, आणि तेच वाईट होतं. "हे आज सांगतेयस. बॅग भरल्यावर."

"मला आजच कळलं."

"आणि फ्रिजवर काय लावलंय मी मग?" ताईंनी खुर्ची मागे सरकवली. "माझ्यावर होतो उपयोग. मी शांत असते ऐकताना."

"भाजी चिरताना ताई. कापडाखाली कधी ऐकलीत?"

कधीच ऐकली नव्हती. दोघींनाही ते एकदमच समजलं. ताई उठल्या, कपाटातून एक चादर काढून आणली आणि टेबलावर आडव्या झाल्या. टेबल लहान होतं, पाय लोंबत राहिले.

"टाक. आणि लाव तुझी ती."

"ताई, नको."

"टाक म्हणते ना. तुझ्या पोरापोरींना झोपवतेस खाटेवर, नणंदेला लाजतेस?"

तिनं चादर टाकली. फोन ताईंच्या कानाशी ठेवला. नमस्कार, तिचा आवाज म्हणाला, पुढची काही मिनिटं फक्त तुमची आहेत. चादर तोंडापाशी आत ओढली गेली, बाहेर आली, आत ओढली गेली. ताईंच्या पायाचे अंगठे ताठ झाले. प्रयोगवालीनं असे अंगठे शेकडो पाहिले होते, पण मोजायचं ठरवलं नव्हतं म्हणून कधी नीट बघितले नव्हते. टेप अजून पहिला श्वास घ्या म्हणाली नव्हती. चादर फडकन उडाली, कोपऱ्यावरचा पेला खाली गेला, आणि ताई उठून बसल्या, दोन्ही हात गळ्याशी, तोंड उघडं.

पाण्याचा ओहोळ फ्रिजकडे चालला होता. कुणी पुसला नाही.

"सुई आत असती आत्ता," ताई म्हणाल्या. "डोळ्यात."

"हो."

"लाव डॉक्टरला."

*

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, चादर किती वेळ राहिली. मग म्हणाले, असं असेल तर जागेपणी करायला नको. हृदयाच्या गोळ्या बदलून दोन-चार दिवसांत पूर्ण भूल देता येईल. पण थांबायचं ते सावली आहे तिथंच असली तरच. वाढली असेल तर आत्ताच्या आत्ता या, धोका पत्करून भूल देऊ. भिंतीवरच्या घड्याळाच्या मधोमध बघायला सांगा. कालपर्यंत खालचे पाच, सहा, सात गेले होते. आज काय काय दिसतंय?

ताई खुर्चीत ताठ बसल्या. प्रयोगवाली फोन धरून बाजूला उभी. ताईंच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसत होतं, त्यांना काय हवंय. दोन-चार दिवस. कुणालाही हवे असते. तिला स्वतःलाही हवे होते.

"चार दिसतो," ताई म्हणाल्या. "आठ पण दिसतो. सांग त्यांना, तेवढीच आहे."

"तेवढीच आहे," असं सांगायला तिनं तोंड उघडलं. आणि बंद केलं. ती घड्याळाकडे बघत नव्हती, ताईंच्या बुबुळाकडे बघत होती.

"ताई, डोळा हलला."

"नाही हलला."

"आठ म्हणताना डावीकडे गेला. मधे बघायचं, फक्त मधे. काटे जिथं जोडलेत तिथं."

"सांगून टाक ना बाई." ताईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "दोन दिवसांनी काय होतंय? मला भूल नको. मी उठले नाही तर?"

प्रयोगवालीला भीती कुठं असते ते माहीत होतं, ती कशी विचारायची तेही माहीत होतं. ती कशी घालवायची याबद्दल आज दुपारपासून तिच्याकडे काहीही उरलं नव्हतं. पलीकडे डॉक्टर वाट बघत होते.

"मलाही तीच भीती आहे," ती म्हणाली. "पण हे चुकीचं मोजलं तर पुढचं सगळं चुकेल. परत बघा ताई. माझ्यासाठी."

ताईंनी ओठ घट्ट मिटले. मधोमध बघितलं. फ्रिज घुरघुरत होता. त्यांच्या डोळ्यात पाणी जमलं पण त्यांनी तो हलवला नाही, तिथंच खिळवून ठेवला, दगडासारखा.

"आठ नाही," त्या म्हणाल्या. "नऊपण अर्धाच आहे."

*

प्रयोगवालीच्या नवऱ्यानं गाडी खाली आणली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मान वाकवायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही. त्यामुळे जिन्यात ताईंना पायाखालचं दिसेना. जिन्यातला दिवा मिणमिणता होता. प्रयोगवाली एक पायरी पुढे, पाठमोरी, ताईंचे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर घेऊन. ते हात तिनं वरून आपल्या हातांनी घट्ट धरले होते.

"पायरी," ती म्हणाली.

ताई उतरल्या.

"पायरी."

"हात तुझे गार पडलेत गं."

"हो. पायरी. आता वळण आहे, भिंत उजवीकडे."

"बरं वाटेल असं काही बोलू नकोस हं मधेच," ताई म्हणाल्या. "असेल तेच सांग."

"अजून एक मजला आहे ताई. पायरी."