पाठकोऱ्या कागदांची फाईल

खारूची आई नेहमीप्रमाणे वेळेआधीच शाळेत येऊन बसली होती. दवाखाना असो की बँक, ती आधी पोचायची आणि मग उशीर तर झाला नाही ना म्हणून घाबरायची. आज मात्र घाबरायला खरंच कारण होतं. मांडीवर लेकीच्या तीन वह्या होत्या, नव्या कव्हरातल्या, आणि कव्हराचे कोपरे ती पुन्हा पुन्हा दाबून बसवत होती.

लेक सात वर्षांची. डोकं तल्लख, पण हातपाय जन्मापासून ऐकत नव्हते. पेन्सिल खारीसारखी दोन्ही हातांनी छातीशी धरायची, म्हणून वर्गातल्या पोरांनीच तिला खारू केलं होतं. साध्या शाळेतल्या साध्या वर्गात ती टिकून होती ती दोघींच्या जिवावर: वर्गाच्या बाई आणि मदतनीस मावशी. मावशी तिला खुर्चीत नीट बसवायची, बाथरूमला न्यायची, लिहिताना कागद धरायची. आता वरून पत्र आलं होतं. पैसे कमी पडताहेत, ज्या मुलांचं मदतनिसावाचून भागतं त्यांचे तास बंद करा. कोणाचं भागतं ते ठरवायला आज साहेब यायचे होते. मावशी गेली की खारू घरी बसणार, हे आईला ठाऊक होतं.

"वह्या घेतल्यास ना?" सकाळी सासूबाईंनी बजावलं होतं. "बघू देत साहेबाला, आमची पोर कुठं कमी नाही ते."

साहेब आले. चष्मा पुसत, दमल्यासारखे, पण बोलायला सभ्य. रिकाम्या वर्गात बाई आणि आईसमोर ते मुलांच्या बाकावर अवघडून बसले. शेजारीच खारूची खुर्ची होती, पाय टेकायला खाली लाकडी खोकं ठोकलेली. बाकावर तिची पेन्सिल होती, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड केलेली.

साहेबांनी पहिली वही उघडली, मग दुसरी. त्यांचा चेहरा खुलला.

"वा! अक्षर किती सुबक आहे. एक ओळ वाकडी नाही."

आईला क्षणभर बरं वाटलं.

"मग हिला मदतनीस कशाला हवी?" साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

त्या वह्यांमधलं गुपित आईलाच माहीत होतं. रोज संध्याकाळी ती खारूच्या हातावर हात ठेवून गृहपाठ लिहून घ्यायची. सुरुवातीला नुसता आधार म्हणून. मग पानाखाली बाईंचा 'उत्तम' असा शेरा आला आणि तिला त्याची चटकच लागली. हळूहळू खारूचा हात डब्यासारखा मागून यायला लागला, इंजिन सगळं आईचंच. पोरीला कोणी हसू नये एवढंच तिच्या मनात होतं. आणि आता तेच अक्षर पोरीच्या मुळावर आलं होतं.

"साहेब," तिनं उघड्या पानावर हात ठेवला, "हे अक्षर माझं आहे."

"म्हणजे?"

"तिचा हात धरून मी लिहिते. सगळं. तिला एकटीला असं येत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, आता मी कशावर विश्वास ठेवू? उद्या कोणीही येऊन म्हणेल, हे माझं नाही."

तेवढ्यात बाई उठल्या. सुतळीनं बांधलेलं कपाटाचं दार सोडून त्यांनी एक जाडजूड फाईल काढली, बुटाच्या नाडीनं शिवलेली. आत सगळे पाठकोरे कागद होते. एका बाजूला जुन्या परीक्षांचे छापील प्रश्न, दुसऱ्या बाजूला खारूनं वर्गात लिहिलेलं. प्रत्येकावर तारीख आणि खाली बाईंच्या बारीक अक्षरात एकेक ओळ. 'मावशी सोबत: सहा शब्द.' 'मावशी रजेवर: एक शब्द, दोनदा पेन्सिल पडली, रडली.' 'मावशी सोबत: नऊ शब्द, स्वतःहून टाळी.'

"कोऱ्या कागदांना शाळेकडे पैसे नसतात," बाई म्हणाल्या, "पण रद्दीला तोटा नाही."

साहेब कागद उलटत राहिले. वर्षाच्या सुरुवातीचे नुसते ओरखडे, मग पानभर पसरलेलं एक अक्षर, मग शब्द. मध्येच ते हसले. "हे काय, हत्ती?"

"मी आहे ती," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "आठवड्याचे पाच दिवस माझ्या हातात नाहीत. चार देतो."

"पाचव्या दिवसाचं आम्ही बघू," बाईंनी लगेच सांगितलं.

साहेब गेल्यावर आई वह्या गोळा करत राहिली. मान वर होईना. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. वर्गात जिचा एक शब्द बाकावर सांडतो, ती घरी छापखाना काढेल होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बिचकला असतात. आणि तो 'उत्तम' मी तुम्हालाच देत होते. दिवसभर राबून रोज लेकीजवळ बसायचं, त्याला कोण शेरा देतं?"

आईचे डोळे भरून आले. तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. खडूनं खरखरीत झालेले.

त्या संध्याकाळी खारू वही उघडून बसली. "आई, हात दे ना."

"आज माझ्या हाताला सुट्टी." आईनं स्वतःचे तळवे मांडीखाली दाबून धरले. पेन्सिल घसरली, दोनदा पडली, तिनं ती फक्त उचलून दिली. अर्ध्या तासानं पानभर एकच शब्द उभा राहिला: मावशी.

सासूबाई डोकावल्या. "अगं बाई, हे कसले कोंबडीचे पाय?"

"तुमच्या नातीचं अक्षर आहे," आई म्हणाली, आणि खोडरबर उचलून डब्यात बंद करून टाकलं.