सुगंधाबाईंच्या नावाची फरशी

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर राजदीप भांडायला येईल, आणि त्याच्याशी भांडण्यात माझा अर्धा दिवस वाया जातो. तो आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. गाव कसं आहे तेवढं सांगते. मेन रोडच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांची ऑफिसं, त्यांवर हिरो-हिरॉइनचे मोठाले बोर्ड. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांची मंडळं आपल्या मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतींसाठी नाटक ठरवायला इथेच येतात. माझं दुकान त्याच फुटपाथला लागून आहे. मी नाटकाचे कपडे शिवते, आणि भैयाजींच्या कंपनीचा मेकअपही मीच करते.

राजदीप कुठल्याशा मोठ्या शहरात जाऊन आला. तिथे म्हणे फुटपाथवर नटनट्यांच्या नावाच्या फरश्या बसवल्यात आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. आल्याबरोबर त्याने ठरवलं, आपल्याकडेही बसवायच्या. आता राजदीपच्या बहुतेक कल्पना ऐकून मी दुकानाचं शटर ओढते, पण ही मला आवडली. आमच्या कलाकारांचं नाव आजवर फक्त पोस्टरवर छापलं गेलं, आणि पोस्टर हंगाम संपला की बकऱ्या खातात. पहिली फरशी सुगंधाबाईंची, असं ठरलं तेव्हा तर मी पेढे वाटले.

सुगंधाबाई तरुणपणी भैयाजींच्या कंपनीच्या हिरॉइन होत्या, आता आईचं काम करतात. त्यांनी स्टेजवर 'लेकरा' म्हटलं की मांडवातल्या बाया पदर डोळ्यांना लावतात. मला या धंद्यात त्यांनीच आणलं. या गावात मी कोणाचं मुकाट्याने ऐकत असेन तर त्यांचंच.

फरशी बसली. काळा चकचकीत ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, माझ्या दुकानाच्या अगदी समोर. हार झाले, फटाके झाले, पाहुण्यांचं लांबलचक भाषण झालं. सगळे गेल्यावर बाईंनी वाकून अक्षरांवरून तळवा फिरवला.

"चांगली दिसून राह्यली नं, स्वाती?"

"हाव, बाई. लय चांगली."

जे आमच्या ध्यानात यायला हवं होतं ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आमच्याकडे जमिनीतल्या दगडावर नाव कोणाचं असतं? देवळाच्या पायरीवर, नदीच्या घाटावर, बाप गेला की मुलं त्याच्या नावाची फरशी लावतात. जिवंत माणसाचं नाव दारावर असतं, लग्नपत्रिकेत असतं, फार तर भांड्यावर असतं. पायाखाली कधीच नसतं.

दुसऱ्याच दिवशी भाजीची टोपली घेऊन चाललेल्या एका बाईने फरशीजवळ चपला काढल्या, हात जोडले आणि रस्त्यावर उतरून वळसा घातला. मग झेंडूची फुलं आली. मग हळदकुंकू आलं. कोणीतरी उदबत्ती खोचून गेलं. मी रोज सकाळी ते सगळं झाडून काढायची आणि दारातून ओरडायची, "काऊन हात जोडून राह्यले? बाई जिवंत हायेत." लोक मान हलवायचे आणि पुन्हा हात जोडायचे. माझा घसा बसला, फुलं काही थांबली नाहीत.

इथवर मला नुसता वैताग होता. पुढे मार्कंड्याकडच्या एका गावचं मंडळ भैयाजींकडे आलं. नाटक पसंत पडलं, तारीख ठरली, आणि उठता उठता त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं की आता आईचं काम कोण करते.

"सुगंधाबाई," भैयाजी म्हणाले.

"तिची तं फरशी लागली."

भैयाजींनी हसून सगळं समजावलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. "असन जिवंत. आमी नाई म्हणत नाई. पण जिची फरशी लागली, तिले मंडईच्या दिवशी गावात कसं आणाव? दुसरी बाई द्या."

पुढच्या मंडळानेही तेच म्हटलं. भैयाजी माणूस वाईट नाही, पण पाठीचा कणा त्यांनी आजवर कधी वापरून पाहिलेला नाही. आईचं काम त्यांनी करिष्माला देऊन टाकलं. करिष्मा याच नाटकात धाकट्या बहिणीचं काम करायची. पोरगी गुणी, पण आई म्हणून उभी राहायला अजून पुष्कळ पावसाळे पाहायचे होते तिला. भैयाजी बाईंचे ब्लाऊज घेऊन माझ्याकडे आले.

"स्वाती, हे करिष्माच्या मापाचे करून दे. बाजाराच्या दिवशी मार्कंड्याचं मंडळ नाटकाची सुपारी द्याले येऊन राह्यलं."

"बाईले सांगतलं?"

"तूच सांग नं. तुह्यं ऐकते ते."

यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण ब्लाऊज ठेवून घेतले, आणि सांगायलाही मीच गेले.

बाई अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "करिष्माले खांद्यात ढिला होत असन नं ब्लाऊज?" आणि डाळीतले हात तसेच थांबले.

"मराचं भेव नाई मले, स्वाती. ज्या दिवशी मरन याचं त्या दिवशी येईल. पण मी इथी डाळ निवडून राह्यली अन तिकडे मांडवात दुसरीच कोणी 'लेकरा' म्हणून राह्यली, हे मले नाई सोसत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या त्याआधीच आलं होतं. मी म्हटलं, आताच सब्बल आणते आणि ती फरशी उखडून राजदीपच्या दारात नेऊन टाकते.

"उखडू नको," त्या म्हणाल्या. "बसली तं बसू दे. बाजार कधी हाये?"

बाजाराच्या दिवशी त्या दुपारी दुकानात आल्या आणि आरशासमोर बसल्या. "आईचा मेकअप कर." मी केला. लुगडं त्यांनी घरूनच नेसून आणलं होतं. रस्त्यावर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी होती, आणि समोर भैयाजींच्या ऑफिसात मार्कंड्याचं मंडळ चहा पीत बसलं होतं.

बाईंनी चपला माझ्या उंबऱ्यात काढल्या. फरशीवरची फुलं हाताने बाजूला केली. मग वाकल्या, दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला. आमचे कलाकार एंट्रीआधी स्टेजला असाच नमस्कार करतात. आणि त्या उजवा पाय टाकून आपल्या नावावर उभ्या राहिल्या.

"बाई, नावावर पाय ठेवला तुमी," एक म्हातारी म्हणाली.

"माह्यंच नाव हाये. माह्या पायाले चालते."

बाईंनी नाटकातला तो प्रवेश सुरू केला, ज्यात शहरात गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि वाळलेल्या आईला ओळखत नाही. त्या अंगण झाडत होत्या, हातात झाडू नव्हता तरी दिसत होता. मग मुलाचं वाक्य यायला हवं होतं. मुलगा कुठून येणार? बाई थांबल्या.

"म्हातारे, या घरात माझी आई राहायची. ती गेली का?"

आवाज करिष्माचा होता. ती ऑफिसच्या पायरीवर उभी होती.

बाईंनी मान वर केली. घाई केली नाही. "तुझ्यासमोर उभी आहे ती कोण रे, लेकरा?"

भाजीवाल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. करिष्माही रडत होती, आणि ते नाटकातलं नव्हतं.

मार्कंड्याचा म्हातारा चहाचा कप तसाच हातात घेऊन बाहेर आला होता. त्याने बाईंच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "जित्या माणसाचा पाय लागला," तो भैयाजींना म्हणाला. "आता हे नुसती फरशी राह्यली. आमाले हेच बाई पाह्यजे." मग खाली वाकून त्याने बाजूला केलेल्या झेंडूतलं एक फूल उचललं आणि बाईंच्या हातात दिलं.

भैयाजी म्हणाले की त्यांना आधीपासून तसंच वाटत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते आत गेले.

मेकअप पुसून झाल्यावर बाईंना खुंटीवर आपले ब्लाऊज दिसले. त्यांनी एक काढून उलटा केला. आत करिष्माच्या मापाने घातलेले टाके होते, लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याचे. बाईंनी एक टोक धरून ओढलं. सगळा दोरा सरसर हातात आला.

"कच्चेच घातले व्हय?"

"पक्की शिलाई माराले हात धजला नाई, बाई," मी म्हटलं.

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. मग दुसरा ब्लाऊज घेतला आणि माझ्या शेजारी बसून त्याचेही टाके त्या स्वतःच काढू लागल्या.