बरणीवरचा फेस

या, असे जवळ सरकून बसा. एका बाईची गोष्ट सांगतो. मोठी कुणी नव्हे, रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुणारी बाई. पण ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, एवढा शब्द देतो.

तर एका शनिवारी सकाळी प्रार्थनाघराचे सेक्रेटरी या बाईच्या, म्हणजे सगळ्यांच्या मावशींच्या स्वयंपाकघरात उभे राहून ओट्याखालच्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवत होते. बरणीवर रुग्णालयाचा शिक्का असलेला, विटका उशीचा अभ्रा होता आणि आत काहीतरी हळूहळू फसफसत होतं.

"हीच का ती बिअर?"

"हो."

सेक्रेटरींचं औषधांचं दुकान होतं. त्यांना आढेवेढे घेणारी माणसं माहीत. सरळ 'हो' ऐकून तेच गडबडले.

"अहो मावशी, तुम्ही कीर्तनात बुवांच्या मागे उभ्या राहून ध्रुवपद धरता. ज्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडानं हे?"

"तोंड एकच दिलंय हो त्यानं. दुसरं कुठून आणू?"

"चेष्टा नको. देवाच्या दारात नशा चालत नाही."

"रोज संध्याकाळी जेवताना एक पेला. मला कधी झिंगलेली पाहिलंत? आणि तुमच्या त्या खोकल्याच्या औषधात काय गुलाबपाणी असतं?"

"ते औषध आहे!"

"मग हे अन्न आहे. भिजवून मोड आणलेलं धान्य, पाणी आणि थोडा धीर. बाकीचं सगळं तो करतो. मी आपली वर कापड झाकते."

सेक्रेटरींनी रुमालानं कपाळ पुसलं. "उद्या कीर्तनाआधी ही मोरीत ओता. नाहीतर ध्रुवपद माझी वहिनी धरेल." दारापर्यंत जाऊन ते वळले. "पाव मात्र नेहमीसारखे आणा हं. आमची मुलं तेवढ्यासाठीच येतात."

मावशींना खुदकन हसू आलं. ते गेल्यावर मात्र त्या बरणीशेजारी फरशीवरच बसल्या.

मावशींचे यजमान त्याच रुग्णालयात बॉयलरवर फिटर होते. बिअर घालायला सुरुवात त्यांनीच केली. तिसऱ्या दिवशी बरणीवर फेस चढला की ते तो वाडग्यात काढत; अर्धा पुढच्या खेपेला विरजण म्हणून, अर्धा पावाच्या कणकेत. त्या घरात विकतचं यीस्ट कधी आलंच नाही. शेवटच्या दुखण्यात चमचाभर पाणी गिळवत नव्हतं, तेव्हाही ते विचारत, "फेस आला का गं?" मावशी वाडगा खाटेपाशी नेत. ते वास घेत आणि मान डोलावत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण विरजण खंडलं नव्हतं. बरणी मोरीत गेली की त्यांच्या हातचं जिवंत असं घरात काहीच उरणार नव्हतं.

आणि ध्रुवपद? आठवडाभर परक्यांच्या दुखण्याचे डाग धुवायचे आणि रविवारी बुवांच्या मागे त्या एका ओळीत स्वतःला धुऊन घ्यायचं. तेही कसं सोडायचं?

दुपारी जाऊबाई आल्या. त्यांनी तोडगा काढला, "बरणी माझ्याकडे ठेव, ओतली म्हणून सांग. कोण बघतंय?"

"ज्याच्यासमोर गायचं, तोच बघतोय की गं!"

रविवारी मावशी दोन टोपल्या पाव घेऊन गेल्या. रात्रपाळी संपवून लोक उपाशीपोटी येत, म्हणून तिथे आधी पाव वाटत आणि मग कीर्तन. सगळ्यांच्या तोंडात घास असतानाच सेक्रेटरींनी विचारलं, "ओतली ना?"

"नाही. आणि ओतणारही नाही," मावशी म्हणाल्या. "त्या बिअरच्याच फेसानं हे पाव फुगतात. बावीस वर्षं तुम्ही तेच खाताय. मी लपवलं नाही, कुणी विचारलंच नाही. आता ज्याला बाटल्यासारखं वाटतंय त्यानं खुशाल खाली ठेवावा. पाव काही रुसणार नाही."

एका शिंप्याचा जबडा चावता चावता थांबला. सेक्रेटरींनी हातातला अर्धा पाव खिडकीत ठेवला. त्यांचा धाकटा मात्र तिसरा पाव घ्यायला टोपलीशी पोचला होता. मावशींनी बुवांकडे पाहिलं. बुवा थकलेले, प्रार्थनाघरानं दिलेल्या खोलीत राहणारे. त्यांनी मान खाली घातली. मावशींना लागलं ते तेवढंच.

त्या बाहेर येऊन चपलांशेजारी पायरीवर बसल्या. घरी गेल्या नाहीत.

आत कीर्तन सुरू झालं. बुवांनी गाऊन ओळ सोडली. वहिनींनी ध्रुवपद धरलं, पण वरच्या सुराला आवाज फाटला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा बुवांनी ओळ म्हटली आणि हात वर करून वहिनींना थांबवलं. नुसता ठेका चालू राहिला.

मावशींनी रस्त्याकडचं तोंड वळवलं नाही. तिथूनच ध्रुवपद उचललं, भरल्या गळ्यानं नव्हे, चांगलं खणखणीत. चादरींची हातगाडी ढकलणारा रस्त्यातच थबकला.

"आत या" असं कुणी म्हणालं नाही, आणि त्याही गेल्या नाहीत. पुढचे सगळे रविवार ध्रुवपद पायरीवरूनच आलं. टोपल्या मात्र आत जात आणि रिकाम्या होऊन येत.

त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी अभ्रा उचलला. पुन्हा फेस चढला होता. वाडग्यात काढून त्यांनी तो रिकाम्या खाटेपाशी नेला आणि क्षणभर धरला.

"आला बरं का."

तेव्हा मंडळी, पुढ्यात ऊन पाव आला तर मोडण्याआधी त्या फिटरची आठवण काढा. मावशींची नको. त्या अजून पायरीवर आहेत. हाक मारलीत तर ओ देतील.