‘सांगायचं नाही’ नावाचा कप्पा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भूत नाही. मी घरखर्चाचा हिशेब ठेवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. पण सलग सहा महिने एका घरात भुताचं काम माझ्याकडून झालं, आणि ते आठवलं की अजूनही माझ्या बेरजा चुकतील की काय असं वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुला-मुलींनी मला बेरीज शिकवली, वजाबाकी शिकवली आणि शिल्लक शून्याखाली गेली की लाल व्हायला शिकवलं. सरावासाठी त्यांनी माझ्या पोटात एक खोटं कुटुंब घातलं होतं. खोटे आई-बाप, खोटा पगार, खोटं वीजबिल, दोन खोटी मुलं आणि त्यांची खोटी फी. त्या कुटुंबावर माझा भारी जीव होता. बिचारे कधी उधळपट्टी करत नसत!

मग मी एका खऱ्या घरात आलो. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला कपाट, कपाटाशेजारी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर आई. म्हणजे त्या घरातल्या दोन मुलींची आई. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती, म्हणून तिच्या बोटांना कायम पांढरी भुकटी लागलेली असे. पहिल्याच दिवशी तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"ही कोण माणसं येऊन बसलीत माझ्या हिशेबात?"

आणि एक कळ दाबून तिनं ते खोटं कुटुंब पुसून टाकलं. चारही माणसं, एका झटक्यात! माणसं अशीसुद्धा जातात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण आईवर फार वेळ रागावणं कुणाला जमलंय? तिनं माझ्यात पैशांचे कप्पे केले आणि त्यांना नावं काय दिली! किराण्याला नुसतं किराणा म्हणेल तर शपथ. तो ‘पोटोबा’. वीजबिल म्हणजे ‘दिवे लागले’. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यांच्यासाठी एक कप्पा होता, ‘हातमोजे, कारण एकच हरवतो’. धाकटीला सगळे चिमणी म्हणत. तिला कमी ऐकू यायचं आणि ती कानात मशीन घालायची. त्या मशीनच्या इवल्याशा बॅटऱ्यांचा कप्पा होता ‘चिमणीचे दाणे’.

आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, एक कप्पा होता. त्याचं नाव ‘सांगायचं नाही’.

त्या कप्प्यासाठी आईनं मला एक नियम लावून दिला. दर एक तारखेला पगार आला की आधी हा कप्पा भरायचा, उरलेल्यातून बाकीचे. मी माझ्या रीतीप्रमाणे विचारलं, किती महिने? ती हसली आणि तिनं ‘कायम’वर टिचकी मारली. मी विचारलं, कशासाठी? त्या टिपेच्या जागी तिनं काहीच लिहिलं नाही. फक्त रक्कम बाजूला पडली की पडद्यावर झळकायला एक वाक्य लिहून ठेवलं. कारण एक तारखेला सकाळी चहाचा कप घेऊन बाबा माझ्यात डोकावतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाक्य असं होतं, ‘अहो, ठेवलेत. हात लावायचा नाही!’

"सांगायचं नाही म्हणजे? मलासुद्धा नाही?" बाबा विचारायचे.

"नाव वाचता येतं ना?"

"एवढं तरी सांग, माझ्यासाठी आहे की मुलींसाठी?"

"अहो, चहा गार होतोय."

दर महिन्याला हेच. थोरली मुलगी कपाटाशी केस विंचरता विंचरता दोघांची नक्कल करायची आणि चिमणी टाळ्या पिटायची. मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. आई शेजारणींना सांगायची, "माझा हिशेबनीस पगार मागत नाही आणि रजाही घेत नाही!"

मग काही आठवडे आई टेबलाशी आलीच नाही. कळफलकावर बाबांची जाड बोटं आली. ‘औषधं’, ‘दवाखान्याखालच्या दुकानातला चहा’, ‘पुन्हा औषधं’ अशा नोंदी येऊ लागल्या. काय चाललंय ते मला कुणी सांगितलं नाही. हिशेबनिसाला कोण सांगणार? मग एक दिवस फक्त एक नोंद आली, ‘फोटोची फ्रेम, मोठी’. ती मी लिहून घेतली, आणि मला समजलं.

पुढची एक तारीख आली. बाबा सवयीनं चहा घेऊन बसले. माझी इच्छा विचाराल तर मला त्या दिवशी बंद पडायचं होतं. पण मी नियमाचा बांधलेला. पगार जमा झाला, पहिला कप्पा भरला आणि पडद्यावर झळकलं, ‘अहो, ठेवलेत. हात लावायचा नाही!’

बाबांनी कप टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "नाही लावत."

तिथून ते सुरू झालं. घरात आता एकच पगार होता. माझा नियम मात्र तोच. आधी तिचा कप्पा, मग उरलेलं. उरायचं ते पुरायचं नाही. दुसऱ्या महिन्यात ‘हातमोजे’ लाल झाला आणि बाबा उघड्या हातांनी लिफ्टचे ग्रीस लागलेले दोर धरू लागले. तिसऱ्या महिन्यात ‘पोटोबा’ लाल झाला. चौथ्या महिन्यात ‘चिमणीचे दाणे’. म्हणजे बॅटऱ्या! चिमणी घरात मशीन काढून ठेवायची, बॅटरी शाळेपुरती तरी पुरावी म्हणून. घरात आई गेल्यापासून तशीही शांतता होती. त्यात आता ती आणखी एका शांततेत बसायची. आणि सगळ्यांच्या वर एक कप्पा मात्र हिरवागार, दर महिन्याला आणखी फुगत चाललेला. जो माणूस घरात नाही त्याचं ताट वाढतोय आणि समोर बसलेल्यांची ताटं ओढून घेतोय, असं मला वाटायचं. थांबवा रे मला कुणीतरी! पण माझ्याकडे तसं म्हणायचा पर्याय नव्हता.

आत्या, म्हणजे बाबांची बहीण, एकदा एक तारखेलाच आली. पडद्यावरचं वाक्य वाचून ती दोन पावलं मागे सरली.

"दादा, तिचा जीव अडकलाय रे यात."

"आत्या, जीव नाही, टिकमार्क अडकलाय," थोरली म्हणाली. "‘कायम’वर."

"गप बस. मोठी शहाणी!"

बाबांना मात्र आत्याचं खरं वाटत होतं, आणि ते खोटं ठरावं असंही वाटत नव्हतं. महिन्यातून एकदा का होईना, कुणीतरी त्यांना ‘अहो’ म्हणत होतं.

पाचवा महिना संपता संपता चिमणीचं मशीनच मेलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी उघडून पाहिलं आणि मान हलवली. नवंच घ्यावं लागेल, आणि लवकर. ऐकणं थांबलं तर आलेले शब्दसुद्धा हातचे जातात, असं त्यांनी बजावलं. ते खरंच होतं. चिमणीच्या वाक्यांची टोकं झडायला लागली होती. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघून ती दमायची आणि मग बोलणंच सोडून द्यायची.

थोरलीनं मला उघडलं. तिनं ‘सांगायचं नाही’वर बोट ठेवून बाबांना हाक मारली.

"बाबा, इथे आहेत तेवढे. मशीन येऊन वर उरतील."

"ते तिचे आहेत."

"आई असती तर तिनं पहिल्यांदा इथूनच काढले असते."

"तिनं काय केलं असतं ते तुला माहीत? कशासाठी ठेवलेत ते माहीत?"

"नाही. तुम्हालाही नाही. कुणालाच नाही! म्हणून चिमणीनं मुकं व्हायचं?"

बाबा उठून कामावर निघून गेले. थोरली मला चालू ठेवूनच रडली. सहावी एक तारीख आली. मी पुन्हा तेच केलं, मित्रांनो. पगार, पहिला कप्पा, ‘अहो, ठेवलेत’. माझ्याइतका निर्लज्ज आज्ञाधारक दुसरा कुणी नसेल.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाबा घरी आले ते बऱ्याच दिवसांनी बोलायच्या रंगात. चपला काढता काढताच सुरू झाले, "आज एका इमारतीत भूत धरलं!"

"काय?" थोरली पुस्तक मिटून पुढे आली.

"लिफ्ट रिकामी झाली की आपोआप चौथ्या मजल्यावर जायची. दार उघडायचं, आत-बाहेर कुणी नाही, दार बंद. दिवसभर तेच. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई वारल्यात म्हणे, म्हणून लोक जिन्यानं चढायला लागले. मी वर जाऊन यंत्राची पेटी उघडली, तर आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी! त्या बाईंचे गुडघे गेले होते. त्यांना ताटकळावं लागू नये म्हणून रिकामी लिफ्ट चौथ्यावर जाऊन थांबेल असं मीच करून दिलं होतं. बाई गेल्या, लिफ्टला कोण सांगणार? ती बिचारी जातेय आपली, दार उघडून वाट बघतेय."

"मग काढलंत ते?"

"काढलं की. पाच मिनिटांचं काम."

"वाईट नाही वाटलं?"

"त्यात काय वाईट वाटायचं? खाली जिवंत माणसं खोळंबली होती की—"

बाबांचं वाक्य तिथेच राहिलं. थोरलीची नजर चिमणीकडे गेली. पलीकडे जमिनीवर चिमणी चित्र रंगवत बसली होती. तिच्या मागे एवढं बोलणं चाललं होतं, पण तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. थोरलीनं नियम उघडून दिला. मी विचारलं, हा नियम कायमचा थांबवायचा? हो की नाही?

"यानं ती पुसली तर नाही ना जाणार?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. मागचं सगळं तसंच राहतं. फक्त पुढचं थांबतं."

ग्रीसनं काळं झालेलं बोट कळेवर येऊन थांबलं. बाबा पडद्याला म्हणाले, "अगं, हात लावतोय." आणि त्यांनी ‘हो’ दाबलं.

त्या कप्प्यातल्या पैशांतून चिमणीचं मशीन आलं. पुढच्या एक तारखेला बाबा चहा घेऊन माझ्यासमोर बसले. मी पगार लिहून घेतला, ‘पोटोबा’ भरला, ‘हातमोजे’ भरला, ‘चिमणीचे दाणे’ भरला. कुठेही लाल नव्हतं. पण मला बोलायला काहीच उरलं नव्हतं. बाबा वाट बघत राहिले. चहावर साय धरली. सहा महिने मला वाटत होतं, या घरातलं भूत जावं. ते गेलं, आणि घर किती मोठं झालं!

इतक्यात चिमणी टेबलापाशी आली आणि कान टवकारून उभी राहिली.

"बाबा, इथे कोण श्वास घेतंय?"

बाबा दचकले. मग त्यांनीही कान लावला. "कॉम्प्युटरच्या आतला पंखा आहे गं तो."

"आधीपासून होता?"

"पहिल्यापासून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

बाबांनी तिला जवळ ओढलं आणि एकेक सांगायला लागले. हा नळ गळतोय. ही वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकली. हे दार, वाऱ्यानं वाजतंय. वाऱ्यानंच, दुसरं कुणी नाही.

मित्रांनो, मला जरूर वापरा. कप्पे करा, त्यांना हवी तशी मजेशीर नावं द्या. पण मला ‘कायम’ असं सांगाल तेव्हा जरा थांबा, कारण मी खरंच ऐकतो. तुम्ही नसाल तेव्हाही ऐकत राहतो, मग कुणाचं पोट रिकामं का राहीना. आणि कशासाठी ठेवलंय ते घरातल्या एकाला तरी हसतखेळत सांगून ठेवा. आई कशासाठी साठवत होती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एक तारखेला पगार आला की कप्पे भरण्याआधी मी क्षणभर तसाच थांबतो. कुणी विचारलं तर सांगा, प्रोग्रॅम जुना झालाय, वेळ लागतो.